परफॉर्मन्स ड्रायव्हिंग स्कूल: गाडी स्वतःची न्यावी की त्यांची घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सेकंडहँड घेतलेली, दोन सीटची, मागच्या चाकांना ताकद देणारी, चारशेच्या आसपास हॉर्सपॉवरची स्पोर्ट्स कार आहे. दोन दिवसांच्या परफॉर्मन्स ड्रायव्हिंग कोर्सला, म्हणजे बंद ट्रॅकवर वेगात गाडी हाताळायला शिकवणाऱ्या वर्गाला, नाव घालायचं आहे. गाडी स्कूलचीही मिळते, स्वतःचीही नेता येते. स्वतःची नेली तर ती खराब होईल का, आधी काय बदलून घ्यावं, आणि मुळात न्यावी का?

न्यावी, असं माझं मत आहे. पण त्याआधी एका गोष्टीचं खरं उत्तर स्वतःला द्या. ही गाडी त्या दोन दिवसांत भिंतीला लागली, तर तो फटका तुम्हाला झेपेल का? झेपेल म्हणजे वाईट वाटेल, पण घर चालायचं थांबणार नाही. उत्तर ‘नाही’ असेल तर बिनदिक्कत स्कूलची गाडी घ्या. हे मी अपघाताच्या धास्तीने सांगत नाही. चांगल्या स्कूलचा बराचसा सराव मोकळ्या डांबरी पटांगणावर प्लास्टिकचे शंकू (कोन) मांडून चालतो. गाडी गर्रकन फिरली तरी आपटायला आसपास काही नसतं. कारण वेगळं आहे. शेजारच्या सीटवर बसून शिकवताना मी वर्षानुवर्षं हेच बघत आलो आहे की ज्याचा जीव गाडीत अडकलेला असतो त्याचा पाय ब्रेकवर पूर्ण पडत नाही. तो पॅड वाचवतो, टायर वाचवतो, गिअर वाचवतो, आणि ज्यासाठी फी भरली ते सोडून बाकी सगळं वाचवून घरी जातो.

झेपणार असेल तर मात्र स्वतःच्या गाडीसारखं दुसरं काही नाही. स्कूलच्या गाडीवर शिकलेलं ब्रेकचं तंत्र तुमच्या गाडीवर चालतं, पण तुमच्या पेडलला किती जोर लागतो, मागची चाकं सुटण्याआधी सीटमधून काय जाणवतं, ओल्या डांबरावर दुसऱ्या गिअरमध्ये किती ॲक्सिलरेटर जास्त होतो, हे तुमचीच गाडी शिकवते. अचानक काही आडवं आलं तर तेव्हा तुम्ही तीच गाडी चालवत असणार.

नाव घालण्याआधी इन्शुरन्सची पॉलिसी काढून वाचा. रस्त्यासाठीच्या बहुतेक पॉलिसी शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळतात; काही तर ट्रॅकवरचा कुठलाही वापर वगळतात. ‘ही शर्यत नव्हती, प्रशिक्षण होतं’ हे म्हणणं दाव्याच्या वेळी टिकेलच असं नाही. कंपनीला आधी लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर तिथल्या अटीही बघा. आजकालच्या बऱ्याच स्पोर्ट्स कारचा संगणक इंजिन मर्यादेबाहेर फिरल्याची नोंद ठेवतो, आणि ती सर्व्हिस सेंटरला दिसते.

गाडी उघड्या टपाची असेल तर स्कूलला आधीच कळवा. बऱ्याच ठिकाणी भक्कम रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची पोलादी कमान) लागतो, आणि हेल्मेट घालून बसल्यावर डोकं त्या बारच्या खाली राहतंय का ते मोजतात. हेल्मेटचंही विचारून घ्या. हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल या संस्थेच्या मानकांत मोटरसायकलसाठी एम आणि मोटरगाडीसाठी एसए असे वेगळे वर्ग आहेत. एसएमध्ये आगीला न पेटणारं अस्तर आणि रोल बारवर डोकं आदळण्याची चाचणी असते. काही स्कूल मोटरसायकलचं हेल्मेट चालवून घेतात, काही दारातूनच परत पाठवतात. बहुतेकांकडे उसनं मिळतं.

आता काय बदलायचं. विकणारे तुम्हाला एक्झॉस्ट, सस्पेन्शन, कुशन नसलेली रेसिंग सीट, बरंच काही सुचवतील. पहिल्या कोर्ससाठी यातलं काहीही नको. गाडी कंपनीने दिली तशीच, पण तब्येतीने ठणठणीत असू द्या. पैसे आणि लक्ष दोन्ही ब्रेकवर घाला, कारण ट्रॅकवर सगळ्यात आधी हात टेकतात ते ब्रेक.

थोडा हिशेब मांडतो. १५०० किलोची गाडी ताशी २०० किलोमीटरवरून ८० वर आणली की जवळजवळ १९ लाख जूल ऊर्जा काढून टाकावी लागते, आणि तिचा मोठा वाटा उष्णता होऊन डिस्क आणि पॅडमध्ये उतरतो. एवढ्या उष्णतेत साधारण सहा लिटर गार पाणी उकळायला लागेल. ताशी १०० वरून पूर्ण थांबण्याच्या तुलनेत ही ऊर्जा तिपटीहून जास्त आहे, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रस्त्यावर असा ब्रेक क्वचित मारावा लागतो. ट्रॅकवर तो प्रत्येक लॅपला (ट्रॅकच्या एका फेरीला) दोन-तीनदा येतो, आणि मधल्या काही सेकंदांत डिस्क फारशी निवत नाही.

म्हणून जायच्या आधी ब्रेक ऑइल बदला. ‘अजून स्वच्छ दिसतंय’ यावर जाऊ नका. हे ऑइल हवेतली ओल शोषत राहतं आणि ओल वाढली की ते कमी तापमानाला उकळतं. डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा; डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. ओल धरलेल्या ऑइलसाठी हाच दर्जा १५५ अंश पुरेसे मानतो. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. ऑइल उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल तळाला टेकतं आणि गाडी पुढे जातच राहते. ताजं डॉट ४, शक्यतो जास्त उत्कलनबिंदूचं, पहिल्या कोर्सला पुरतं. डॉट ५ हे वेगळं प्रकरण आहे, ते सिलिकॉनचं असतं. नंबर जवळचा दिसतो म्हणून ते चुकूनही ओतू नका.

पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक हवेत. नुसते ‘चालतील एवढे’ नकोत, कारण पातळ पॅड उष्णता अडवत नाही, ती थेट कॅलिपरमधल्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातल्या) ऑइलकडे पोचवतो. ब्रेक दोन वेगवेगळ्या प्रकारे दगा देतात, त्यातला फरक पायाला कळला पाहिजे. पेडल नेहमीसारखं घट्ट आहे, जोर लावताय, पण गाडी हवी तशी थांबत नाही: पॅड जास्त तापले आहेत. पेडल मऊ लागतंय, दर वेळी थोडं अधिक खाली जातंय: ऑइल उकळायला लागलं आहे. पहिल्यात एक-दोन लॅप सावकाश मारल्या की बहुधा निभावतं. दुसऱ्यात ताबडतोब वेग उतरवून पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यात) या, आणि ब्रेकमधली हवा काढून घेतल्याशिवाय परत जाऊ नका.

कार्बन सिरॅमिक डिस्क असतील तर त्या उष्णता उत्तम झेलतात, पण बदलायची वेळ आली तर खिसा फाटतो. जायच्या आधी आणि आल्यावर त्या तपासून घ्या. किनार उडालेली असेल तर ट्रॅकवर नकोच.

टायरचं लोक उलटं करतात. पहिल्याच कोर्सला सेमी-स्लिक, म्हणजे अगदी कमी नक्षीचे ट्रॅकसाठीचे टायर, चढवून येतात. ते टायर धरून ठेवतात, धरून ठेवतात आणि मग जवळजवळ न सांगता सोडतात. रस्त्याचे चांगले परफॉर्मन्स टायर आधी कुरकुरतात, मग ओरडतात, मग हळूहळू घसरतात. तुम्ही ते ओरडणं ऐकायलाच आला आहात. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते: २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. भरपूर नक्षी शिल्लक असलेला पण कडक झालेला जुना टायर नेण्यापेक्षा अर्धा झिजलेला ताजा टायर कोरड्या ट्रॅकवर बरा.

हवेचं असं आहे की तापल्यावर दाब सहज पाच-सहा पीएसआयने (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) चढतो, जोरात चालवलं तर त्याहून जास्त. सकाळी कंपनीने सांगितलेल्या दाबावर सुरुवात करा, पहिल्या सत्रातून आल्या आल्या गरम असतानाच मोजा आणि प्रशिक्षकाला विचारून थोडी हवा काढा. संध्याकाळी परत भरायला विसरू नका, नाहीतर परतीच्या रस्त्यावर टायर गार झाले की दाब नको तितका खाली गेलेला असेल. दाब मोजायचं साधं गेज स्वतःचं असावं.

बाकीची तयारी पटकन सांगतो. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत. लांब वळणात ते तळाच्या एका बाजूला ढकललं जातं आणि पंपाच्या तोंडाशी कमी पडू शकतं. पेट्रोल अर्ध्याखाली जाऊ देऊ नका, कारण तेच, आणि ट्रॅकवर गाडी नेहमीच्या दुप्पट-तिप्पट पिते. चाकांचे नट टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने, चाकं गार असताना आवळा; दुपारी एकदा परत बघा. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट काढून ठेवा, ती सरकून पेडलखाली अडकते. डिकी आणि कप्पे रिकामे करा. पूर्ण ब्रेक लागल्यावर सीटखालून पाण्याची बाटली पायात येते तेव्हा ती बाटली वाटत नाही.

चार पट्ट्यांचा हार्नेस मूळच्या सीटवर, रोल बारशिवाय बसवू नका. गाडी उलटली तर टप दबतो, आणि साध्या पट्ट्यात माणूस बाजूला कलतो, हार्नेसमध्ये ताठ जखडलेला राहतो. साधाच पट्टा घट्ट करायची युक्ती आहे: सीट थोडी मागे घ्या, पट्टा लावा, झटका देऊन लॉक करा आणि तसाच धरून सीट पुढे आणा. कंबर जागची हलत नाही. आता बसण्याची जागाही तपासा. पाठ पूर्ण टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर आलं पाहिजे आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा वाकलेला राहिला पाहिजे. स्पोर्ट्स कारमध्ये आरामखुर्चीसारखं रेलून बसायची इतकी सवय झालेली असते की बऱ्याच जणांची सकाळची पहिली पंधरा मिनिटं सीट पुढे ओढण्यातच जातात. ती वाया गेलेली नसतात.

आता प्रत्यक्ष शिकणं. पहिला सराव बहुधा सरळ रेषेत पूर्ण ब्रेक मारण्याचा असतो, आणि माझ्या मते दोन्ही दिवसांतला सर्वांत मोलाचा तोच. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी व्यवस्था, १९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लासमधून रस्त्यावर आलं. तरीही आयुष्यभर गाडी चालवलेली कितीतरी माणसं त्याचा थरकाप पायाला पहिल्यांदा तिथेच अनुभवतात. पेडल धडधडायला लागलं की ती घाबरून पाय उचलतात. उचलू नका. पेडल एका क्षणात पण लाथ न मारता दाबा, धडधडलं तरी तसंच दाबून ठेवा, आणि त्याच वेळी कोनाच्या बाजूने स्टिअरिंग वळवून बघा. गाडी वळते, तेही चाकं लॉक न होता, हे स्वतःच्या गाडीत पटणं फार महत्त्वाचं आहे. ट्रॅकवरची सगळी सफाई नंतर यावरच उभी राहते: ब्रेकचा सर्वांत जास्त जोर सुरुवातीला, आणि वळणात शिरताना तो हळूहळू सोडत जायचा. रस्त्यावर आपण नेमकं उलटं करतो, आधी हलका आणि शेवटी जोरात.

असं का, तर टायरची पकड मोजकीच असते आणि ती ब्रेक, वळण आणि ताकद या तिघांत वाटून द्यावी लागते. सगळी पकड ब्रेकमध्ये घातली तर वळायला काही उरत नाही. स्टिअरिंग जितकं वळवाल तितका ब्रेक सोडायचा; वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग जितकं सरळ होईल तितका ॲक्सिलरेटर वाढवायचा. सांगायला एवढंच आहे. पाय ते करायला दोन दिवस घेतात, काहींचे जास्तही.

दुसरी गोष्ट नजर. ताशी २०० ला गाडी दर सेकंदाला ५५ मीटर जाते. बॉनेटच्या पुढ्यातलं बघत राहिलात तर जे दिसतंय ते करण्याची वेळ आधीच टळलेली असते. वळणात शिरण्याआधी डोळे वळणाच्या आतल्या टोकावर, आणि तिथे पोचण्याआधीच बाहेर पडायच्या जागेवर. गाडी घसरायला लागल्यावर तर हे आणखी खरं: भिंतीकडे बघाल तर हात भिंतीकडेच जातात. शेजारी बसून मी दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला शब्द ‘पुढे बघा’ हाच असतो.

तुमच्या गाडीत खास टाळायची सवय म्हणजे वळणाच्या मध्यावर दचकून ॲक्सिलरेटर सोडणं. पाय उचलला की वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि मागचा भाग बाहेर निघतो. इंजिन कुठे आहे यावर हे किती झपाट्याने होईल ते ठरतं. इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, अशी गाडी त्यातल्या त्यात समजूतदार. ती सांगून सुटते. मधल्या इंजिनाची गाडी वळायला चपळ, पण सुटली की झटकन फिरते. पोर्शे ९११ सारखी मागच्या इंजिनाची गाडी बाहेर पडताना जमिनीला चिकटून निघते, पण मध्यावर पाय उचललेला तिला खपत नाही. नव्या पिढ्यांमध्ये ही खोड बरीच निवळली आहे, तरी भौतिकशास्त्र तेच आहे. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांच्या मालकांना एक वेगळं सांगावं लागतं: ती व्यवस्था गाडी पळवायला मदत करते, थांबवायला नाही.

उलट बाजूने, पुढची चाकं घसरून गाडी सरळच जायला लागली की प्रत्येक जण स्टिअरिंग आणखी वळवतो. त्याने काही होत नाही. किंचित वेग उतरवा, स्टिअरिंग जरा सरळ करा, टायर परत धरतात. आणि गाडी हाताबाहेर फिरलीच, तर ब्रेक आणि क्लच दोन्ही पूर्ण दाबून धरा, थांबेपर्यंत. गाडी सरळ रेषेत घसरत थांबते आणि मागून येणाऱ्याला ती कुठे जाणार याचा अंदाज येतो.

स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी व्यवस्था) पहिल्या दिवशी चालूच ठेवा. ते बंद करणं हा मर्दुमकीचा प्रश्न नाही. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा कुठल्या वळणात लुकलुकतो ते लक्षात ठेवा. तिथे तुम्ही काहीतरी घाईने करताय. दिवा लागायचा थांबला आणि वेग तोच राहिला, मग प्रशिक्षकाला विचारून कंट्रोल एक पायरी सैल करा. पाण्याने भिजवलेल्या स्किड पॅडवर (घसरण्याच्या सरावाच्या पटांगणावर) मात्र हा कंट्रोल पूर्ण बंद करून बघाच. तिथे वेग इतका कमी असतो की चुकायची खुली मुभा असते.

गिअर मॅन्युअल असेल तर खाली टाकताना हात सावकाश. चौथ्यातून तिसऱ्याऐवजी पहिल्याच्या बाजूला गेला तर रेव्ह लिमिटर (इंजिनाला मर्यादेबाहेर फिरू न देणारी व्यवस्था) काही करू शकत नाही, कारण इंजिनाला चाकं फिरवत असतात. ऑटोमॅटिक गाडी तो गिअर नाकारते. हील-अँड-टो (एकाच पायाने ब्रेक दाबता दाबता ॲक्सिलरेटरही देणं) पहिल्या दिवशी शिकायचा हट्ट नको, एकावेळी पायांना एवढी कामं देऊ नका.

झेंडे आणि ओव्हरटेकचे नियम सकाळच्या वर्गात सांगतात; तिथे डुलकी काढू नका, कारण ते जागोजागी थोडे बदलतात. एक शिष्टाचार मात्र ताकदवान गाडीवाल्यांना सांगायलाच हवा. वळणात मागची छोटी गाडी तुमच्या बंपरला येऊन टेकत असेल तर ती तुमच्यापेक्षा जलद आहे. सरळ पट्ट्यावर हात दाखवून तिला जागा द्या आणि ॲक्सिलरेटर जरा सोडा. चारशे हॉर्सपॉवरने सरळ पट्ट्यावर पळून जाऊन पुढच्या वळणात परत आडवे येणारे लोक सगळ्यांचा दिवस नासवतात.

प्रशिक्षकाने तुमची गाडी दोन लॅप चालवून दाखवावी का? स्कूलचा नियम परवानगी देत असेल तर माझं उत्तर हो. तुम्ही ज्या वळणात गाडीला दोष देत होता तिथे तीच गाडी, तेच टायर काय करतात ते शेजारी बसून कळतं.

प्रत्येक सत्राची शेवटची लॅप ब्रेक जवळपास न वापरता सावकाश मारायची. थांबल्यावर हँडब्रेक लावायचा नाही आणि पेडलवर पाय ठेवून बसायचं नाही. तापलेला पॅड डिस्कच्या एकाच जागी चिकटून राहतो आणि मग ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा आणि चाकाला अडण लावा. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर इंजिन बंद करताच तो आपोआप लागतो का, आणि लागत असेल तर कसा टाळायचा, हे घरीच पुस्तकात बघून या.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर थकवा कळायच्या आधी येतो. जमलेली वळणं अचानक बिघडायला लागली, ब्रेकची जागा चुकायला लागली, की त्या दिवसापुरतं बास. शेवटचं सत्र सोडलं तर कुणी फी परत देत नाही हे खरं, पण गाडी आपल्या चाकांवर घरी न्यायची आहे. परतीच्या रस्त्यावर वेगाचा अंदाज पार बिघडलेला असतो. ताशी १०० म्हणजे गाडी उभी असल्यासारखी वाटते. काट्याकडे बघत चालवा.

त्या आठवड्यात चाकं काढून पॅड मोजा, डिस्कवर भेगा आहेत का बघा, आणि पेडल पूर्वीपेक्षा मऊ वाटत असेल तर ऑइल पुन्हा बदला. टायरची बाहेरची कड जास्त खाल्ली गेली असेल तर रस्त्यासाठी ठेवलेला कॅम्बर (चाकाचा उभा कल) ट्रॅकला कमी पडतोय. पुन्हा जाणार असाल तर अलाइनमेंटवाल्याशी बोला, त्याने फरकही पडतो आणि खर्चही फारसा येत नाही. दुसऱ्या कोर्सलाही तुमचे मूळ पॅड तापून फसले तर मात्र खुशाल ट्रॅकचे पॅड घ्या. ते सकाळी गार असताना पहिल्या एक-दोन ब्रेकला कमी धरतात आणि सिग्नलला थांबताना चांगलेच किंचाळतात, तेवढं गाडी चालवणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.